गोगलमावशी आणि प्रश्नपत्रिका

आपल्याला आयुष्यात कधी कुणाचा हेवा वाटला नाही, असं गोगलमावशी स्वतःच सांगायच्या, आणि इतक्या वरचेवर सांगायच्या की त्यात फारसं तथ्य नसावं. धाकट्या जावेनं मोठा फ्रिज घेतला तेव्हा गार पाणी घशाला किती वाईट हे त्यांनी आठवडाभर घरादाराला पटवून दिलं होतं. पण ते सगळं किरकोळ. अन्न गोड लागू देत नाही असा खरा हेवा त्यांना पन्नाशी ओलांडल्यावर वाटला, आणि तोही एका शाळकरी मुलीचा, जिच्या दप्तराची चेनसुद्धा धड लागत नव्हती.

मावशी एका संशोधन संस्थेत गोगलगायी सांभाळायच्या. हे सांगितलं की लोक हसायचे. गोगलगायींना काय सांभाळायचं, त्या काय पळून जाणार आहेत? मावशी शांतपणे म्हणायच्या, "पळतात. तुमचं लक्ष नसलं की पळतात." आणि ते खरंच होतं. झाकण नीट लावलं नाही तर सकाळी एखादी दाराच्या कडीवर बसलेली सापडायची.

संस्थेत त्या आल्या होत्या झाडायला, तेही कुणाच्या तरी बदलीवर. गोगलगायींवर संशोधन करणाऱ्या मॅडम तेव्हा नव्या होत्या, तरुण होत्या, आणि गोगलगायींच्या खोलीत पाऊल ठेवायला एकही शिपाई तयार नव्हता. चिकट, बुळबुळीत, नको रे बाबा. मावशींनी मात्र पहिल्याच दिवशी बाही वर सारून एक गोगलगाय उचलली, तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "गार आहे हो बिचारी." मॅडम हसल्या. झालं, झाडणं सुटलं आणि मावशी त्या खोलीच्या झाल्या. मूळची बाई परत आली तेव्हा तिला दुसरा मजला मिळाला.

खोली लांबट, थंड, कायम ओलसर. दोन्ही भिंतींना काचेच्या पेट्या, आत माती, पालापाचोळा आणि फुटक्या कुंड्यांची खापरं. दिवसा सगळ्या त्या खापरांखाली दडून बसायच्या. संध्याकाळी छतालगतच्या नळीतून आपोआप तुषार पडले की एकेक करून बाहेर निघायच्या. मावशी त्यांना कोबीची पानं घालायच्या, अंड्याच्या टरफलांची पूड घालायच्या, आठवड्याला पेट्या धुवायच्या. धुताना त्या गोगलगायींना ओल्या पानावर घेऊन हलवायच्या. फक्त एकीला बोटावर घ्यायच्या. कधीतरी काचेवरून पडून तिच्या शंखाचा टवका उडाला होता, म्हणून तिचं नाव टवकी. टवकीला पानावर घेतलं की ती आत जायची आणि तासभर बाहेर यायची नाही, बोटावर मात्र ऐटीत बसायची. लाड, दुसरं काय.

दाराजवळची पहिली पेटी पाहुण्यांची. तिच्यावर संशोधन चालायचं नाही, ती शाळेच्या मुलांना दाखवायला ठेवलेली होती. टवकी तिथेच राहायची. दर शुक्रवारी कुठल्या ना कुठल्या शाळेची बस यायची. मॅडमना चार माणसांपुढे बोलायला जमायचं, पण चाळीस मुलांपुढे घाम फुटायचा. म्हणून ते काम मावशींनी अंगावर घेतलं, आणि असं घेतलं की संस्थेचे संचालक एकदा मुद्दाम ऐकायला येऊन मागे उभे राहिले होते. गोगलमावशी हे नाव मुलांनीच ठेवलेलं. मुलांनी काहीही विचारावं, मावशींच्या जिभेवर उत्तर तयार. यांना दात असतात का? तुझ्यापेक्षा जास्त, आणि किडलेला एकही नाही. या इतक्या हळू का चालतात? यांना शाळेत थोडंच जायचंय. मुलं हसली की मावशी पुढच्या पेटीकडे वळायच्या.

घरीही त्यांचं असंच चालायचं. मुलगा लहान असताना दिवसभर का, कसं, कशाला करायचा. मावशींनी त्याला कधी उत्तरावाचून ठेवलं नाही. पुढे तो विचारायचा बंद झाला. आता परगावी नोकरीला होता, फोनवर "बरं आहे" आणि "ठेवू का" एवढंच बोलायचा. बाप त्याच्यापेक्षा बरा. तो घरीच पंखे दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात बायकोची चेष्टा करायचा.

आता मावशींचं गुपित. पहिल्या पहिल्या शुक्रवारी काय झालं होतं, तर मुलं आली आणि पेटीत एकही गोगलगाय दिसेना. सगळ्या खापरांखाली ढिम्म. बरोबरचे गुरुजी म्हणाले, "हे काय, नुसती माती दाखवायला आणलंत?" मॅडमचं तोंड एवढंसं झालं. ते मावशींना बघवलं नाही. पुढच्या शुक्रवारी त्या लवकर आल्या, काकडीचा रस घातलेलं कोमट पाणी बाटलीत भरलं आणि पेटीच्या पुढच्या काचेवर आतून फवारलं. मुलं येईपर्यंत काच गोगलगायींनी भरून गेली. मॅडम आल्या, बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या हाताला यश आहे."

सांगायचं होतं ते त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण असं कौतुक ऐकल्यावर बाटली पुढे करणारी माणसं वेगळी. मावशींनी ती फडक्यात गुंडाळली आणि कपाटामागे ठेवली. त्यानंतर वर्षानुवर्षं दर शुक्रवारी हेच. आधी कोपऱ्यातलं लोखंडी बाकडं ओढत पेटीपुढे आणायचं, कारण बुटकी मुलं त्यावर उभी राहायची, मग फवारायचं, मग केस नीट करून दारात उभं राहायचं. मावशींची जादू म्हणून सगळी इमारत ओळखू लागली. मावशी नको नको म्हणत ते सगळं खिशात घालत गेल्या.

एकच गोष्ट मिळत नव्हती. मॅडमची एक लकब होती. एखादा प्रश्न मनापासून आवडला की त्या चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि उघड्या डोळ्यांनी समोरच्याकडे बघायच्या. चष्म्याशिवाय त्यांना धड दिसत नसणार. पण ज्याच्याकडे त्या असं बघायच्या त्याला वाटायचं, आजवर आपल्याकडे कुणी नीट पाहिलंच नव्हतं. चहा नेऊन देताना मावशींनी हे कितीदा तरी पाहिलं होतं. कालची आलेली पोरं, ज्यांना गोगलगायीचं तोंड कुठलं ते दाखवावं लागायचं, त्यांच्यासाठी तो चष्मा उतरायचा. मावशींसाठी कधी उतरला नाही. मॅडम त्यांच्याशी प्रेमानं बोलायच्या, आजारपणात घरी यायच्या, पण सगळं चष्म्यातून.

आणि मग ती मुलगी आली.

शुक्रवारच्याच घोळक्यात होती. तेल न लावलेल्या दोन वेण्या, उघडं दप्तर. मावशींनी नेहमीची सुरुवात केली. "बघा, तुम्ही येणार म्हणून कळलं आणि सगळ्या तुम्हाला बघायला वर आल्या."

मुलं हसली. ती हसली नाही. "आम्ही यायच्या आधी कुठे होत्या?"

"झोपल्या होत्या खापरांखाली."

"मग उठवलं कुणी?"

"तुमचा कलकलाट ऐकून कुंभकर्णसुद्धा उठेल."

मोठा हशा झाला. इथे हा विषय संपायचा. आजवर दर वेळी संपला होता. पण ती बाकड्यावर चढली, काचेला नाक लावलं आणि सावकाश म्हणाली, "पण ही बघा किती वर आहे. एवढं चढायला हिला पुष्कळ वेळ लागला असणार. म्हणजे ही निघाली तेव्हा आम्ही बसमध्ये होतो. बसमधला कलकलाट हिला इथे ऐकू आला?"

मावशींनी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही बाहेर पडलं नाही. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मला माहीत नाही." मॅडम होत्या. आत आल्या, मुलांमधून वाट काढत त्या मुलीसमोर वाकल्या, आणि मावशींच्या देखत त्यांनी चष्मा काढला. ठेवायला टेबल नव्हतं म्हणून तो मावशींच्या हातात दिला.

"मावशी," त्या मुलीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "हे आधी कधी कुणी विचारलं होतं?"

"नाही हो," मावशी म्हणाल्या. "असलं कोण विचारतंय."

पण विचारलं होतं. कुणी उठवलं, कशा आल्या, कधी आल्या, हे दर दोन-चार शुक्रवारी कुणीतरी विचारायचंच. मावशींनी त्या प्रत्येकाला हसवून पुढच्या पेटीकडे नेलं होतं.

पुढच्या शनिवारपासून मुलगी संस्थेत यायला लागली. मॅडमनी शाळेला कळवलं, घरच्यांना कळवलं, गेटवरच्या वॉचमनला सांगून ठेवलं. मावशींनी तिचं नाव विचारलं नाही. मनातल्या मनात ठेवून दिलं, प्रश्नपत्रिका. आणि प्रश्नपत्रिका त्यांना काय म्हणायला लागली, तर आजी. सगळी इमारत जिला मावशी म्हणते तिला ही चिमुरडी म्हणते, "आजी, कात्री आहे का?"

"कात्री नाही," मावशी म्हणायच्या. कात्री त्यांच्या एप्रनच्या खिशात असायची.

मॅडमनी तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. मावशी त्या खुर्चीवरची धूळ इतकी वर्षं पुसत होत्या, कधी टेकल्या नव्हत्या. मॅडमच्या खोलीच्या काचेपलीकडून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. मावशी चहाचा कप असा आपटायच्या की बशीत सांडायचा. मुलीचं सगळंच त्यांच्या डोळ्यात खुपायला लागलं. तिचं पाय हलवत बसणं, पेन्सिल चावणं, "का" म्हणताना मान वाकडी करणं. मॅडमचा नियम होता की एका माणसानं एका वेळी एकच प्रश्न धरायचा, तो तडीला नेल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. मोठे मोठे संशोधक त्यावरून कुरकुरायचे. ही मात्र मान डोलवून म्हणाली, "चालेल. माझा हाच." आणि मॅडम कौतुकानं अशा बघत राहिल्या की मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझ्या पोटात आग पडलीय," त्या घरी म्हणाल्या.

"मिरची जास्त झालीय भाजीत, मलाही पडलीय," नवरा पंख्याचं पातं पुसत म्हणाला. मग त्यांच्याकडे बघून म्हणाला, "अगं, ती शाळेतली पोर. तू तिला पाण्यात बघतेस?"

"मी कशाला बघू? पण एक प्रश्न विचारला तर एवढं डोक्यावर बसवायचं? मी तिथे इतकी वर्षं उत्तरं देतेय, त्याचं काही नाही."

नवऱ्यानं पातं उलटं केलं आणि दुसरी बाजू पुसायला घेतली.

मग मॅडमनी पाहुण्यांच्या पेटीसमोर कॅमेरा लावला. शुक्रवारी सकाळपासून गोगलगायी काय करतात ते बघायचं होतं. मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. कॅमेऱ्यासमोर बाटली काढणार कशी? आणि बाटली काढली नाही तर कुणी वर येणार नाही, जादूचं पितळ उघडं पडणार. रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या. पण पहाटे पहाटे त्यांना त्यातली दुसरी बाजू दिसली आणि त्या उठून बसल्या. गोगलगायी आल्याच नाहीत तर प्रश्नच उरणार नाही. प्रश्न नाही तर प्रश्नपत्रिका नाही. मॅडम म्हणतील, चुकून झालं असेल तेव्हा, आणि ती दप्तर उचलून घरी जाईल. मावशी त्या दिवशी चांगली साडी नेसल्या.

खोलीत जाऊन त्यांनी नेहमीसारखं बाकडं ओढत पेटीपुढे आणलं. बाटलीला हात लावला नाही. हाताची घडी घालून उभ्या राहिल्या आणि खापरांकडे बघून पुटपुटल्या, "झोपा गं बायांनो. कुणी हलू नका."

थोड्या वेळानं एका खापराखालून दोन शिंगं बाहेर आली. मग आणखी दोन. मावशी बघत राहिल्या. काच कोरडी ठणठणीत होती, काकडीचा वासही नव्हता, आणि एकेक करून सगळ्या निघाल्या, काचेवर चढल्या. शाळेची बस गेटात शिरली तेव्हा काच भरून गेली होती.

मावशींचे डोळे भरून आले. या माझ्यासाठी आल्या, त्यांना वाटलं. पाणी नाही, खाणं नाही, तरी आल्या. मला ओळखतात. इतक्या वर्षांत इतकं सरळ सुख त्यांना झालं नव्हतं, आणि ते पुरतं तासभरही टिकलं नाही. कारण मॅडमनी चित्रीकरण बघितलं, आणि धावत जाऊन फोन लावला तो प्रश्नपत्रिकेला. "तुझं बरोबर होतं," त्या फोनमध्ये म्हणत होत्या. "बस यायच्या कितीतरी आधी निघतात. तुझं अगदी बरोबर होतं." मावशी दारात चहा घेऊन उभ्या होत्या. तो मॅडमनी फोनवर बोलता बोलता हातानंच टेबलावर ठेवायला सांगितला.

शनिवारी ते फुटलं. मॅडम आणि मुलगी पेटीसमोर बसून अंदाज लावत होत्या. उजेड असेल का, दाराची थरथर असेल का, शुक्रवारी लिफ्ट जास्त चालते का. "केवढं मोठं काम होईल यातून," मॅडम म्हणाल्या, "आणि सगळं हिच्या एका प्रश्नातून."

मावशी पुसायचं फडकं हातात घेऊन पुढे आल्या. "हिच्या प्रश्नातून काही नाही. माझ्यामुळे येतात त्या. मी फवारते." कपाटामागचं गाठोडं त्यांनी ओढून काढलं, बाटली दोघींपुढे ठेवली. "काकडीचा रस. पहिल्यापासून. तुमचं तोंड पडलेलं बघवलं नाही म्हणून केलं होतं. जादू नाही आणि संशोधनही नाही. मिटला की नाही प्रश्न?"

शेवटचं वाक्य त्या मुलीकडे बघून बोलल्या. त्यात किती विष होतं ते त्यांना बोलल्यावर कळलं.

मॅडम बाटलीकडे बघत राहिल्या. "इतकी वर्षं?" एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मावशींना वाटलं, नोकरी गेली. मग वाटलं, नोकरी जाऊ दे, पण यांनी माझ्याकडे असं बघू नये.

"पण काल फवारलं होतं का?" मुलीनं विचारलं.

मावशी हातातल्या फडक्याची घडी घालायला लागल्या.

"आजी, काल कॅमेऱ्यात तुम्ही नुसत्या उभ्या होता. हाताची घडी घालून. फवारलं नाहीत ना? मग काल का आल्या?"

मॅडमचा हात चष्म्याकडे गेला. मावशींनी मान फिरवली, त्यांना ते बघायचंच नव्हतं.

"मला ओळखतात म्हणून," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "दुसरं काय."

मुलीनं थोडा विचार केला. "तुम्हाला, की बाकड्याला? तुम्ही आधी बाकडं ओढता ना. केवढा आवाज होतो त्याचा. जमीन हलते. आणि मग लगेच काकडी मिळते."

नोकरी गेली नाही. मॅडम दोन दिवस कमी बोलल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मावशी, यापुढे शुक्रवारी सकाळी तुम्ही जे जे करता ते सगळं मला सांगायचं. केस नीट करता तेसुद्धा." रागावल्या होत्या की खूश होत्या, समजत नव्हतं. मग परीक्षेचा दिवस ठरला. परीक्षा गोगलगायींची असं म्हणत होते सगळे, पण मावशींना पक्कं ठाऊक होतं की ती त्यांची आहे. एका सकाळी मावशींनी बाकड्याला हात न लावता आत जायचं, नेहमीसारखं वावरायचं आणि पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्या सकाळी मावशींनी बाहेर थांबायचं आणि मुलीनं बाकडं ओढायचं.

पहिल्या सकाळी मावशी आत गेल्या. खोकल्या. उगाच चार पावलं जास्त चालल्या. कुणी ऐकत नाही असं बघून हळूच म्हणाल्या, "मी आलेय गं." मग ठरल्याप्रमाणे पेटीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पुष्कळ वेळानं शेजारच्या खोलीतून मॅडम आल्या, त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. "नाही आल्या. एक तेवढी हलली, पण एकीवरून काही ठरत नाही." मावशींनी मागे वळून काचेकडे बघितलंसुद्धा नाही, तशाच बाहेर पडल्या.

दुसऱ्या सकाळी मुलीनं बाकडं ओढलं आणि काच भरली.

"बाकड्यानं मला हरवलं," मावशी घरी म्हणाल्या. नवऱ्यानं पान्हा खाली ठेवला. चेष्टा तोंडाशी आली होती, पण बायकोच्या डोळ्यांत पाणी दिसलं तसा तो उठून स्वतः चहा टाकायला गेला. "एवढं केलं मी त्यांचं," मावशी मागून बोलत राहिल्या. "आणि त्या एका लोखंडाच्या तुकड्याला ओळखतात. मॅडमना ती पोर, आणि यांना बाकडं. माझं कोण आहे तिथे?"

"रजा घे चार दिवस," नवरा म्हणाला.

"आणि तिला मोकळं रान देऊ?"

पुढचा शनिवार. संस्थेत आनंदीआनंद होता. मॅडमनी संचालकांना बोलावून बाकड्याचा प्रयोग दाखवला. गोगलगायींना कान नसतात, मग जमिनीची थरथर त्या कशानं ओळखतात आणि इतके दिवस लक्षात कशी ठेवतात, यावर म्हणे पुढची दोन-तीन वर्षं काम चालणार होतं. मावशी एकट्या आतल्या खोलीत पेट्या धुवत होत्या. जरा जास्तच घासत होत्या.

मुलगी येऊन शेजारी उभी राहिली. "आजी, टवका उडालेली एक आहे ना?"

"आहे. हात लावू नकोस तिला."

"त्या दिवशी ती आली होती."

मावशींचा हात थांबला.

"बाकडं नव्हतं त्या दिवशी. बाकीच्या नाही आल्या, ही आली. एकटीच. काचेवर चढून अगदी तुमच्या मागे आली, आणि तुम्ही बाहेर गेलात तर थोड्या वेळानं परत खाली गेली. तुमची पाठ होती म्हणून तुम्हाला दिसलं नाही. मी ते पुन्हा पुन्हा लावून बघितलं."

मावशींनी ओला हात पदराला पुसला. मग परत पुसला. "मॅडमना सांगितलंस?"

"सांगितलं. एकीवरून काही ठरत नाही म्हणाल्या."

"मग नीट विचार ना परत. ती का आली म्हणून विचार. एरवी तर तोंड बंद नसतं तुझं."

"मला नाही विचारता येणार. एका वेळी एकच प्रश्न. माझा बाकड्याचा चालू आहे." मुलीनं मान वाकडी केली. "तुमचा कुठला चालू आहे?"

"माझा कशाला असेल?"

"मग तुम्ही विचारा."

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. हिनं हे गुपचूप गिळून टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. मी तिच्या जागी असते तर गिळलं असतं, त्यांना वाटलं, आणि हे वाटणं त्यांना मुळीच आवडलं नाही.

मॅडमच्या खोलीत दोघी गेल्या तेव्हा मॅडम काहीतरी टाइप करत होत्या. "ठेवा मावशी चहा," त्या न बघताच म्हणाल्या.

"चहा नाही आणला." मावशींना घाम फुटला होता. चाळीस मुलांपुढे कधी फुटला नव्हता. "मी ते विचारायला आलेय. त्या दिवशी बाकडं नसताना टवकी का आली? पेटी धुताना बाकीच्यांना मी पानावर घेते आणि तिला बोटावर, म्हणून आली का? म्हणजे बाकीच्यांना बोटावर घेतलं असतं तर त्यापण आल्या असत्या का? मला माहीत नाही."

टाइप करणं थांबलं. मॅडम खुर्चीसकट वळल्या. "बोटावर? हे मला कधी बोलला नाहीत." आणि त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, आणि मावशींकडे बघितलं.

किती वेळ बघितलं कोण जाणे. मावशींना एवढंच आठवतं की मॅडमच्या नाकावर चष्म्याचे दोन लाल वण होते आणि ते त्यांनी इतक्या वर्षांत समोरून कधी पाहिले नव्हते. मॅडम मग विचारतच सुटल्या. कुठलं बोट, ओलं की कोरडं, किती दिवसांपासून. उभ्या उभ्या बोलता येईना तेव्हा त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली आणि मावशी त्या खुर्चीत टेकल्या.

बोलता बोलता मावशींची नजर दाराकडे गेली. मुलगी तिथेच उभी होती. मॅडम आपल्याकडे बघतील म्हणून वाट पाहत होती, आणि मॅडम बघत नव्हत्या. तिनं दप्तराचा पट्टा घट्ट धरला होता. ओठ आत घेतले होते. त्या चेहऱ्यावर काय चाललंय हे मावशींना कुणी सांगायची गरज नव्हती. तो चेहरा त्या गेले कित्येक शनिवार स्वतः घालून हिंडत होत्या.

क्षणभर त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. मग त्या खुर्चीतच एका बाजूला सरकल्या.

"तिकडे काय उभी राहिलीस," त्या म्हणाल्या. "इकडे ये. ती पाठीमागे कशी आली ते तू पाहिलंयस, मी नाही. तू सांग मॅडमना."

मुलगी आली आणि खुर्चीच्या कडेला बसली. दोघींना जागा पुरत नव्हती. मावशींनी खिशातून कात्री काढून टेबलावर ठेवली, कारण ती टोचत होती.